घट्टा

बुधवारचा बाजार उठला तरी डिचोलीच्या नाक्यावर
काही जण उभेच असतात,
सकाळी ज्यांना कुणी कामावर उचललं नाही ते.
कुणी इंडीचा, कुणी गुमल्याचा,
आमच्याकडे सगळ्यांचं एकच नाव : घाटी.
गुमल्याला कुठला घाट, कुणी विचारत नाही.

परवा वाड्यावरची मुलं वही घेऊन आली.
देवळातली समई गेली होती.
"काका, तुम्ही स्टोअरकीपर होता ना भायर?
अक्षर बरं तुमचं.
भाड्याच्या खोल्यांतली माणसं लिहून काढूया."
दोनशे पानी वही.
समास मी सवयीनेच आखला.

होतो ना. लिबियात, साडेचार वर्षं,
पाण्याच्या टाकीच्या कामावर.
गोणी आली, गोणी गेली, शिल्लक.
इसूफू नायजरचा. एका खेपेला दोन गोण्या,
दोन्ही उजव्याच खांद्यावर,
आणि उतरवताना मोजायचा त्याच्या भाषेत.
मला पाचापर्यंत येतं अजून :
दाया, बियू, उकू, हुडू, बियार.

मग लढाई पेटली, आणि तिच्याआधी अफवा,
की काळे तेवढे सगळे भाडोत्री शिपाई.
कोण कुणाच्या बाजूचा हे त्या देशालाच कळेना,
पण कातडी लांबूनही दिसते.

चौकीवर बस अडवली. पोरंच होती,
एकाच्या पायात फुटबॉलचे बूट.
माझा पासपोर्ट उलटा धरून चाळला,
हिंदी, हिंदी, म्हणाली, आणि सिनेमातलं काहीतरी गुणगुणली.
इसूफूला शर्ट काढायला लावला.
उजव्या खांद्यावर रुपयाएवढा
जाड, काळपट घट्टा.
बंदुकीचा दस्ता इथेच बसतो, एक जण म्हणाला.
बाकीच्यांनी माना डोलावल्या
वैद्य जमल्यासारख्या.

इसूफूने माझ्याकडे पाहिलं.
एक शब्द हवा होता, आणि तो मला येत होता.
रोज चलनावर लिहायचो अरबीत : इस्मिंत.
इंजिनाचा आवाज फार होता, असं मी घरी आल्यावर
बायकोला सांगितलं.
तिने विचारलं नव्हतं.

सीटवर त्याची पिशवी राहिली.
जहाजात तिसऱ्या दिवशी
त्यातले खजूर मी खाल्ले.

खोली नंबर चार. दिवे गेलेले.
दारात बनियनवर उभा माणूस, मागे स्टोव्हवर भात.
दत्तूच्या पोराने टॉर्च मारला तो नेमका खांद्यावर.
"हें कितें रे? खंय मार खाल्लो?"
"इस्मिंत," मी म्हणालो.
मोठ्याने. चौदा वर्षं उशिरा, आणि चुकीच्या भाषेत.
मुलं माझ्याकडे बघायला लागली.
"काका, बरं नाही का?"
सिमेंट म्हणायचं होतं. केवढासा फरक.
तेवढ्यात त्या माणसाने बनियनचा पट्टा
स्वतःच वर ओढून घेतला,
गिऱ्हाइकाने भाव न पटून पुढे जावं
आणि बाईने टोपली झाकावी तसा.
"लिख लो," म्हणाला, "एतवा उराँव.
इतवार का जनम."

मी वही मिटली नाही, हेही सांगायला हवं.
लिहिलं. उराँववरचा चंद्रबिंदूसुद्धा नीट दिला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
गोण्या उचलतो. खांदा त्याचाच.
समई पुढच्या सोमवारी सापडली,
पुजाऱ्याच्या भावाने पॉलिशला दिली होती.
मुलं हसली. वही मात्र
कुणी परत आणून दिली नाही.

तेव्हापासून विचारत फिरतोय.
एक म्हणतो पंचांकडे आहे,
एक म्हणतो पोलिसांकडे, एक म्हणतो फोटो काढून
ग्रुपवर टाकलीय, आता वहीचं काय काम?
तेवीस नावं होती त्यात,
माझ्या चांगल्या अक्षरात.
नाक्यावरून जाताना मी हल्ली मोजतो.
पाचापर्यंत सोपं जातं.